हाफ मार्जिनची कोरी बाजू

मुलाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती मतपत्रिका दोन दिवस पडून होती. २०२२चा ऑक्टोबर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर शहराला लागून असलेलं एक गाव. खिडकीबाहेर मेपलची पानं लाल होऊन गळत होती. मुलाला त्याच वर्षी तिथलं नागरिकत्व मिळालेलं, आणि हे त्याचं पहिलं मतदान. तिथे मत पोस्टानंही देता येतं, म्हणून पत्रिका घरीच आली होती. जेवणं आटोपल्यावर तो पेन घेऊन बसला आणि मध्येच थांबून म्हणाला, "बाबा, इकडे या जरा. यात तुमचं खातं आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी, ट्रेझरर, आणि त्यांच्याच पंगतीत 'ऑडिटर'. त्या एका पदासाठी पाच उमेदवार उभे होते.

मी छत्तीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये काढली. ऑडिटरला लोक मत देतात, हे मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. मनात आलेला पहिला प्रश्न अगदी खात्यातला होता : यांनी परीक्षा कोणती दिली? मुलानं फोनवर शोधलं. परीक्षा नव्हती. हिशेबाची पदवी असलीच पाहिजे अशी अटही नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या डायना डिझोग्लिओ आधी राज्याच्या प्रतिनिधिगृहात आणि मग सिनेटमध्ये होत्या. रिपब्लिकन पक्षाचे अँथनी अमोरे बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयाचे सुरक्षाप्रमुख. त्या संग्रहालयातून १९९० साली तेरा कलाकृती चोरीला गेल्या आणि अजून सापडल्या नाहीत. त्यांचा माग काढणं हे या गृहस्थांचं कित्येक वर्षांचं काम. दोघंही माणसं म्हणून मोठी असतील, पण रोकडवही दोघांपैकी कोणी उघडली असेल असं मला वाटेना.

"मग कोणाला देऊ?" मुलानं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. तो बराच वेळ दोघांचं म्हणणं वाचत बसला आणि शेवटी एका नावापुढे खूण केली. त्यानं कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पण तो वाचत बसला होता तो अर्धा तास माझ्या डोक्यातून गेला नाही. ऑडिटरचं काम काय, हे समजून घ्यायला माझा मुलगा वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा बसला होता, आणि तेही माझ्यासाठी नव्हे. त्याला मत द्यायचं होतं म्हणून.

आमच्याकडे या खात्यात वर चढायचं म्हणजे सबऑर्डिनेट ऑडिट/अकाउंट्स सर्व्हिसची परीक्षा, जिला आम्ही सगळे 'एसएएस' म्हणत आलो. लग्नानंतरची दोन वर्षं मी पहाटे चारला उठून वित्तीय नियमांची पुस्तकं पाठ केली. दुसऱ्या खेपेला पास झालो तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. मुलगा नेमकं काय पास झाला हे तिला सांगता येत नव्हतं. मग सुरू झाले दौरे. तीन-चार जणांची ऑडिट पार्टी, एसटीचा प्रवास, तालुक्याचं विश्रामगृह, आणि दहा-बारा दिवस एखाद्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत आम्हाला दिलेलं हलणारं टेबल. रोकडवही मागायची, व्हाउचरं मागायची, मस्टर आणि मोजमाप पुस्तकं मागायची. कधी कागद लगेच यायचे. कधी ज्या बाबूकडे कपाटाची किल्ली असायची तो नेमका रजेवर असायचा.

काही खटकलं की आम्ही हाफ मार्जिन द्यायचो. खात्याबाहेरच्या माणसाला हा शब्द माहीत नसतो, म्हणून सांगतो. कागद उभा अर्धा दुमडायचा. एका अर्ध्या भागात आमचा प्रश्न : अमुक तारखेला अमुक रकमेचं व्हाउचर आहे, पण मालाची नोंद साठा नोंदवहीत दिसत नाही, खुलासा व्हावा. दुसरा अर्धा कोरा सोडायचा. तिथे त्या कार्यालयानं उत्तर लिहायचं. समाधान झालं तर प्रश्न तिथेच मिटतो. नाही झालं तर तो निरीक्षण अहवालात परिच्छेद होऊन जातो. फार मोठी बाब असेल तर तोच परिच्छेद घासूनपुसून, वर वर जात, नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात छापला जातो. तो अहवाल राज्यपालांकडे, तिथून विधिमंडळाच्या पटलावर, तिथून लोकलेखा समितीकडे. हजारांतला एखादा प्रश्न एवढा प्रवास करतो. कित्येकदा त्या कोऱ्या अर्ध्या भागात दोनच शब्द यायचे : 'नोंद घेतली.'

त्या कोऱ्या जागेत लिहायचा अधिकार फक्त ज्याचं ऑडिट आहे त्याला. ज्याचे पैसे आहेत त्याला तो कागद दिसतही नाही. नोकरीत असताना हे मला कधी खटकलं नव्हतं.

आमच्याकडच्या नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदाची बांधणी मात्र फार विचारपूर्वक केलेली आहे. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की हा अधिकारी बहुधा भारताच्या संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, आणि त्याची कर्तव्यं न्यायपालिकेपेक्षाही महत्त्वाची आहेत. प्रशिक्षणात हे वाक्य आम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवलं गेलं आणि मी ते आजवर जपून ठेवलं आहे. संविधानाचा १४८वा अनुच्छेद वाचला की त्या पदाभोवती बांधलेली भिंत दिसते. नेमणूक राष्ट्रपतींची, पण काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखीच अवघड वाट. पगार कमी करता येत नाही. पद सोडल्यावर केंद्रात किंवा राज्यात दुसरं सरकारी पद घेता येत नाही. मुदत पुढे १९७१च्या कायद्यानं ठरवली : सहा वर्षं किंवा वय पासष्ट, जे आधी येईल ते. या माणसाला कोणाकडे काही मागायची वेळ येऊ नये, अशी ती रचना आहे.

आणि इथे, मुलाच्या टेबलावर, मतं मागणारा ऑडिटर होता.

त्या मुक्कामात मी या पदाची माहिती काढत बसलो. थंडी वाढली होती, बाहेर फिरणं कमी झालं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑडिटरचं पद १८४९ साली निर्माण झालं आणि १८५५च्या घटनादुरुस्तीनं ते लोकांनी निवडायचं झालं. सेक्रेटरी, ट्रेझरर, ॲटर्नी जनरल हेही त्याच दुरुस्तीनं. त्या काळात अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये हे वारं होतं. कालवे आणि रेल्वेसाठी राज्यांनी वारेमाप कर्ज काढलं, १८३७च्या मंदीनंतर काही राज्यांना ते फेडता आलं नाही, आणि लोकांचा गव्हर्नर व विधिमंडळ दोघांवरचाही विश्वास उडाला. तिजोरी सांभाळणारा आणि तिजोरी तपासणारा, दोघांनाही आम्हीच नेमू, असं लोक म्हणू लागले. सगळीकडे तसं झालं नाही. टेक्सस, कॅलिफोर्निया अशा मोठ्या राज्यांत आजही ऑडिटर नेमलाच जातो. पण पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिझुरी, आयोवा, मिनेसोटा, वॉशिंग्टन, मिसिसिपी इथे तो निवडून येतो.

मॅसॅच्युसेट्सच्या ऑडिटरांच्या यादीत जो डिनुची हे नाव आहे. हा माणूस मूळचा मिडलवेट बॉक्सर. १९८७ ते २०११ अशी सलग चोवीस वर्षं लोकांनी त्याला ऑडिटर म्हणून निवडून दिलं. त्या राज्यात इतका काळ या पदावर दुसरं कोणी राहिलेलं नाही. हे वाचून आधी मी अस्वस्थ झालो. मग लक्षात आलं की कागद तपासणारी माणसं वेगळी असतात. कार्यालयात नेहमीचे, शिकलेले, पगारी ऑडिटर असतात. केंद्राच्या लेखापरीक्षा कार्यालयानं घालून दिलेल्या मानकांनुसार, ज्याला ते 'यलो बुक' म्हणतात, ते काम करतात. निवडून आलेला माणूस ठरवतो की कुठे पाहायचं, किती मोठ्यानं बोलायचं, आणि कोणाच्या दारात उभं राहायचं. हे ठरवण्याचं मोल मला माझ्या अनुभवानं माहीत आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आमची पार्टी होती. संध्याकाळी विश्रामगृहाच्या पायरीवर एक शेतकरी येऊन बसला. साठीचा असावा. कापडी पिशवीत झेरॉक्स कागद. त्याच्या गावच्या शिवारात एक पाझर तलाव झाला होता. कागदावर पूर्ण, बिलं अदा, दगडी पिचिंगचं, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवलेल्या दगडांचं, मोजमाप लिहिलेलं. पण पाणी थांबत नव्हतं. "साहेब, तुमी कागद पाह्यता. तलाव कोन पाह्यते?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी त्याला नियम समजावून सांगितला. आमच्याकडे नमुना निवडलेला असतो. त्या कार्यालयाचे त्या वर्षाचे दोन महिने तपशिलात तपासायचे, आणि त्याच्या तलावाची बिलं त्या दोन महिन्यांत नव्हती. तो म्हणाला, "एकडाव चालून तर पाहा." मी गेलो. रविवार होता, स्वतःच्या वेळेत गेलो. आठ किलोमीटर त्याच्या सायकलच्या मागे बसून. तलावाच्या बांधाला मधोमध एक खचलेली जागा होती आणि खाली बाभळी वाढल्या होत्या. पिचिंगचे दगड मी पावलांनी मोजले. मोजमाप पुस्तकात लिहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी भरले.

परत आल्यावर मी वरिष्ठांची परवानगी घेऊन ती फाइल मागवली, हाफ मार्जिन दिलं, आणि परिच्छेद निरीक्षण अहवालात गेला. पुढे तो प्रलंबित राहिला. दोन वर्षांनी अनुपालन, म्हणजे त्या कार्यालयाचं उत्तर, आलं : अतिवृष्टीमुळे बांधाचे नुकसान झाले असून दुरुस्ती प्रस्तावित आहे. कागद बरोबर होता, त्यामुळे परिच्छेद मिटला. त्या शेतकऱ्याला हे कळवायची कुठलीच तरतूद नव्हती. मीही कळवलं नाही. पत्ता माझ्या डायरीत होता. एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं.

मिझुरी राज्याच्या ऑडिटरबद्दल वाचताना मला तोच माणूस आठवला. तिथे कायद्यानं एक सोय आहे. शहर, शाळांचा जिल्हा, अग्निशमनाचा विभाग अशा कुठल्याही स्थानिक संस्थेतल्या रहिवाशांनी ठरावीक संख्येनं सह्या गोळा केल्या, तर राज्याच्या ऑडिटरला त्या संस्थेचं ऑडिट करावंच लागतं, आणि खर्च त्या संस्थेनं सोसायचा. सह्या किती लागतील ते गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत तिथे झालेल्या मतदानावर ठरतं. लहान गावांमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दारोदार फिरून सह्या जमवल्या आणि ऑडिट पार्टी गावात आणली, असं तिथे वारंवार घडतं. माझा तो शेतकरी मिझुरीत असता तर त्याला विश्रामगृहाच्या पायरीवर बसावं लागलं नसतं. त्यानं कापडी पिशवीत झेरॉक्सऐवजी सह्यांचे कागद आणले असते, आणि नमुन्यातले दोन महिने मला त्याला दाखवता आले नसते.

२०२४च्या शरद ऋतूत आम्ही पुन्हा मुलाकडे गेलो. ऑडिटरची निवडणूक त्या वर्षी नव्हती, पण ऑडिटरचा प्रश्न मतपत्रिकेवर होता. २०२२ साली डिझोग्लिओ निवडून आल्या होत्या, आणि पदावर येऊन दोन महिने होतात न होतात तोच, मार्च २०२३मध्ये, त्यांनी जाहीर केलं की मी विधिमंडळाचंच ऑडिट करणार. ज्या दोन्ही सभागृहांत त्या स्वतः बसून आल्या होत्या, त्यांचं. प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष रॉन मारियानो आणि सिनेटच्या अध्यक्ष कॅरन स्पिल्का, दोघंही त्यांच्याच पक्षाचे, दोघांनीही नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की विधिमंडळ ही सरकारची स्वतंत्र शाखा आहे. दुसऱ्या शाखेतला अधिकारी येऊन तिची तपासणी करू लागला तर घटनेनं आखलेली अधिकारांची विभागणी मोडते. नोव्हेंबरमध्ये ॲटर्नी जनरल अँड्रिया कॅम्पबेल यांनीही, आताच्या कायद्यात ऑडिटरला असा अधिकार नाही, असं मत दिलं.

मग डिझोग्लिओ कायदा बदलायला लोकांकडे गेल्या. त्या राज्यात नागरिकांना थेट कायदा सुचवता येतो. पहिल्या फेरीत ७४,५७४ सह्या लागत होत्या. विधिमंडळानं मुदतीत कायदा केला नाही तर आणखी १२,४२९. दोन्ही पार पडल्या आणि ५ नोव्हेंबर २०२४च्या मतपत्रिकेवर पाच प्रश्नांतला पहिला प्रश्न हा होता : राज्याच्या ऑडिटरला विधिमंडळाचं ऑडिट करण्याचा अधिकार द्यावा का?

घरोघरी एक लाल पुस्तिका येते. त्यात प्रत्येक प्रश्नाचा कायद्याचा मसुदा, सारांश, बाजूनं आणि विरोधात दीडशे-दीडशे शब्दांचं म्हणणं. माझी सून, जिला आकड्यांचा कंटाळा आहे असं ती स्वतःच सांगते, ती पुस्तिका सोफ्यावर घेऊन बसली होती. शेजारची वृद्ध बाई सकाळी कुत्रा फिरवताना भेटली की याच विषयावर बोलायची. ती म्हणाली, आमचं विधिमंडळ सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्यातही बसत नाही. कागद मागितले तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, मग आम्ही पाहणार तरी कुठून? मी तिला सांगितलं की मी ऑडिटर होतो. ती थांबली आणि तिनं माझा हात हातात घेतला. छत्तीस वर्षांत माझा व्यवसाय ऐकून कोणी असं केलं नव्हतं. आमच्याकडे तो ऐकून लोक जरा सावरून बसतात.

प्रश्न मंजूर झाला. सुमारे ७२ टक्के मतं बाजूनं. त्याच दिवशी अमेरिका राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मधोमध दुभंगली होती, आणि हिशेब तपासावा या एका गोष्टीवर दोन्ही बाजूंची माणसं एकत्र आली होती. मी रात्री उशिरापर्यंत आकडे पाहत बसलो.

तेव्हा मला जे वाटलं ते निव्वळ हेवा होता. आमचे अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जाण्याचा प्रघात आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दुपारी आमदारांच्या बॅगा भरलेल्या असतात, आणि कुणाची तरी वर्ष-दीड वर्षाची मेहनत गठ्ठ्यानं वाटली जाते. कधी एखादा अहवाल गाजतो. सप्टेंबर २०२०मध्ये जलयुक्त शिवार योजनेचा गाजला : ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्याचं उद्दिष्ट फारसं साधलं नाही, भूजल वाढवण्यातही योजनेचा प्रभाव कमी पडला, असं त्यात होतं. तीन-चार दिवस दूरदर्शन वाहिन्यांवर तेच. एका पक्षाला तो हवा होता म्हणून त्यानं उचलला, दुसऱ्याला नको होता म्हणून त्यानं झटकला. ज्या गावांच्या शिवारात ती कामं झाली, तिथे अहवालातलं त्या गावाबद्दलचं पान कोणी वाचून दाखवलं असेल, असं मला वाटत नाही. मला ते पान वाचताना पुन्हा बाभळी दिसल्या.

पण हेवा वाटला म्हणून निवडणूक हा ऑडिटर शोधायचा योग्य मार्ग आहे, असं माझं मत झालं नाही. हे मी स्पष्ट लिहितो, कारण तिथल्या मराठी मित्रमंडळींत मी या विषयावर बोललो तेव्हा अनेकांना वाटलं की मी आता आपल्याकडेही हेच मागणार.

मिसिसिपीचं पाहा. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथल्या ऑडिटरच्या कार्यालयातल्या तपास अधिकाऱ्यांनी मानवी सेवा विभागाचे माजी संचालक जॉन डेव्हिस यांच्यासह सहा जणांना अटक केली. अत्यंत गरीब कुटुंबांसाठी केंद्राकडून येणारा पैसा भलतीकडे गेला होता. नंतर बाहेरच्या कंपनीनं केलेल्या तपासणीत हा आकडा ७ कोटी ७० लाख डॉलर निघाला. त्यातले ५० लाख एका विद्यापीठातल्या व्हॉलीबॉल संकुलाकडे वळले होते. डेव्हिस यांनी २०२२ साली गुन्हा कबूल केला. ऑडिटचं हे काम अव्वल दर्जाचं, यात शंका नाही. मी तो अहवाल वाचून खुर्चीवरून उठलो होतो. पण ऑडिटर शॅड व्हाइट यांना त्या खुर्चीवर २०१८ साली बसवलं होतं गव्हर्नर फिल ब्रायंट यांनी, आधीचा ऑडिटर मध्येच गेल्यामुळे. आणि २०१५ साली ब्रायंट यांच्याच प्रचाराची धुरा व्हाइट यांनी सांभाळली होती. घोटाळ्याचे पैसे खर्च झाले ते ब्रायंट यांच्या कारकिर्दीत. ब्रायंट यांच्यावर कुठलाही गुन्हा दाखल झालेला नाही, आणि पुढे २०१९ साली व्हाइट लोकांच्या मतांनी निवडून आले. तरीही ऑडिटर आणि गव्हर्नर यांच्यातल्या त्या जुन्या नात्याचा प्रश्न लोकांनी विचारलाच, आणि विचारायलाच हवा होता. कारण ऑडिटचा अहवाल खरा असून भागत नाही. तो लिहिणाऱ्याचं कोणाशी काय देणंघेणं आहे, ही शंकाही तिथे राहता कामा नये. निवडणुकीतल्या माणसाला प्रचारप्रमुख लागतो, देणगीदार लागतात, पक्ष लागतो. त्यांतल्या एखाद्याचं व्हाउचर उद्या टेबलावर आलं तर?

वॉशिंग्टन राज्यात तर ऑडिटर ट्रॉय केली यांच्यावरच २०१५ साली आरोपपत्र दाखल झालं, त्यांच्या आधीच्या खासगी व्यवसायातल्या पैशांवरून. राजीनामा द्या, असं गव्हर्नरांनी सांगितलं. केली यांनी दिला नाही, मुदत संपेपर्यंत पदावर राहिले, आणि डिसेंबर २०१७मध्ये काही आरोपांत दोषी ठरले.

आणि मॅसॅच्युसेट्समध्येही मतांनी दार उघडलंच असं नाही. नवा कायदा जानेवारी २०२५मध्ये अमलात आला. विधिमंडळानं कागद दिले नाहीत. कायदा झाला तरी घटनेचा प्रश्न उरतोच, अशी त्यांची भूमिका. न्यायालयात जायचं तर तिथे राज्याच्या अधिकाऱ्यांची बाजू ॲटर्नी जनरल मांडते, आणि ऑडिटर व ॲटर्नी जनरल यांच्यातच, नेमकं काय तपासायचं आहे यावर, पत्रांमागून पत्रं सुरू झाली. मुलगा फोनवर चिडून सांगत होता, "बाबा, आम्ही बहात्तर टक्क्यांनी सांगितलं, तरी?" मला मात्र कपाटाची किल्ली घेऊन रजेवर गेलेला तो बाबू आठवला. कागद न देण्याच्या कला सगळीकडे सारख्याच आहेत. आमच्याकडे महालेखापरीक्षकांच्या त्या १९७१च्या कायद्याच्या १८व्या कलमात कागद मागवण्याचा अधिकार स्वच्छ लिहिलेला आहे. ते कलम मी कित्येक पत्रांत उद्धृत केलं आहे, आणि तरीही दौऱ्याचे दिवस संपत आल्यावर फायली येताना पाहिल्या आहेत.

तिथून निघायच्या आदल्या आठवड्यात मी त्या ऑडिटरच्या कार्यालयाचे काही अहवाल छापून घेतले. त्यात प्रत्येक आक्षेपाखाली आधी त्या खात्याचं उत्तर अक्षरशः जसंच्या तसं छापलेलं असतं, आणि त्याखाली ऑडिटरचं प्रत्युत्तर. शिवाय अनेक ठिकाणी असं वाक्य : साधारण सहा महिन्यांनी आम्ही याचा पाठपुरावा करू. म्हणजे हाफ मार्जिनच. दोन्ही बाजू भरलेलं, आणि कुणालाही घरी बसून वाचता येणारं. विमानात मी पेन्सिल घेऊन ते वाचत आलो, जुन्या सवयीनं आकड्यांवर खुणा करत. एका ठिकाणी खात्याचं उत्तर ऑडिटरच्या आक्षेपापेक्षा पटणारं होतं. ते तसंच छापलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

१ मे २०२५ला मी आमच्या मूळ गावी गेलो. महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा होती. ग्रामपंचायतीचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडून होतं आणि तो अहवाल ग्रामसभेपुढे यायचा असतो. बहुतेक गावांत 'अहवालाचे वाचन झाले' एवढी एक ओळ इतिवृत्तात चढते. मी सरपंचांना आधीच विचारून ठेवलं होतं, मी वाचू का म्हणून. त्या तरुण आहेत, म्हणाल्या, "काका, वाचा ना. मलाही नीट कळलेला नाही."

चावडीसमोरच्या चिंचेखाली सतरंजी अंथरली होती. चाळीसेक माणसं. पूर्वी याच जागी तलाठी सातबाऱ्याचं चावडीवाचन करायचे, तेव्हा लोक आपलं नाव येईपर्यंत कान देऊन ऐकायचे. मी पहिला आक्षेप वाचला आणि त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगितला. दुसरा वाचला. तिसऱ्यापर्यंत पंधराएक माणसं उठून गेली होती. उन्हं चढली होती आणि पंगतीची तयारी सुरू होती. चौथा आक्षेप पथदिव्यांच्या खरेदीचा होता : साठा नोंदवहीत नोंद नाही.

"काका, थांबा," मागे बायकांमध्ये बसलेल्या एकीनं म्हटलं. बचतगटाची वही तिच्या मांडीवर होती. "हे दिवे कोणत्या वर्षीचे? कारण आमच्या गल्लीत खांब आहेत, पण दिवे मागच्या दिवाळीच्याही आधीपासून नाहीत."

मी पान मागे उलटलं. ग्रामसेवकांनी मोबाइल खिशात ठेवला आणि दप्तरातून नोंदवही काढायला लागले. सरपंचांनी तिला पुढे येऊन बसायला सांगितलं. मी माझी पेन्सिल काढली, अहवालाच्या त्या पानाच्या कडेला तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला, आणि नोंदवही उघडण्याची वाट पाहत आम्ही सगळे बसून राहिलो.